मूळपुरुष

१

माझं काम सांगायला सोपं आहे. लोकांच्या थुंकीतून त्यांचे बाप शोधायचे.

शारजातल्या एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये मी हेच करते. वाळवंटात उंट राखणाऱ्या कुळांचा पुरुषवंश कुठून आला आणि कसा पसरला, हा आमचा प्रकल्प. बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे एक गुणसूत्र जवळजवळ जसंच्या तसं जातं. बायकांकडे ते नसतंच. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की एखादा ठिपका नवा उमटतो, तसंच या गुणसूत्राचंही होतं. ते ठिपके मोजले की कोण कोणाचा किती लांबचा भाऊ ते कळतं. आणि सगळे ठिपके पुसत मागे गेलं की शेवटी एकच माणूस उरतो, हजारो वर्षांपूर्वीचा. तो कधी कोणाला सापडलेला नाही. तो आम्ही गणिताने काढतो. माझी सहकारी मैथा त्याला ‘रूट’ म्हणते. घरी बाबांना सांगताना मी मूळपुरुष म्हणायचे.

सकाळी सगळी शारजा दुबईकडे निघते, तेव्हा मी दुबईतल्या करामाहून उलटी शारजाला जाते. त्यामुळे ट्रॅफिक मला कधी लागत नाही. लॅबखालच्या कॅफेटेरियातून कडक चहा घ्यायचा, मशीन सुरू करायचं, आदल्या दिवशीचे निकाल उघडायचे. प्रत्येक फेरीत एक माहितीतला नमुना चालवावा लागतो, म्हणजे मशीन ठीक आहे की नाही ते समजतं. तो नमुना माझ्या वडिलांचा. गुणवंत जनार्दन सुर्वे, मूळ देवरुखचे, हयात दुबईत ड्राफ्ट्समन म्हणून गेली. वाळवंटातल्या कुळांशी त्यांचा काडीचा संबंध नाही, म्हणून तर त्यांना निवडलं होतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी अजीजने आणलेले नवे नमुने मी उघडले. वंशवृक्षाच्या नेहमीसारख्या फांद्या निघत होत्या. हा त्याचा चुलत, तो याचा फार लांबचा. मग एक नमुना असा आला की मी चहाचा कप बाजूला ठेवला.

त्यात एकही ठिपका नव्हता.

या माणसाच्या बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या पिढीत एकदाही काही बदललं नव्हतं. नाहीतर त्याला बाप, आजा, पणजा नव्हतेच.

सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी स्वतःच काहीतरी भरलं असणार, असं मी मनाशी म्हटलं आणि नमुना पुन्हा चालवला. मग दुसऱ्या मशीनवर. दोन्ही वेळा तो झाडाच्या अगदी बुडाशी जाऊन बसला.

२

अजीज आमचा फील्डवरचा माणूस. हैदराबादचा, चाळिशीचा, बोलका. वाळवंटातल्या तळांवर जाऊन लोकांशी गप्पा मारत नमुने गोळा करणं त्यालाच जमायचं. बाबांची आणि त्याची चांगली गट्टी होती. रिटायर झाल्यापासून बाबा घरात कंटाळायचे, म्हणून अजीज त्यांना अधूनमधून गाडीतून न्यायचा. उंट बघून, खजूर खाऊन दोघं परत यायचे.

“हा नमुना कोणाचा रे?” मी त्याला विचारलं.

“वो मदाम गाँव है न, उसके आगे, जहाँ पहाड़ दिखने लगते हैं, वहाँ एक तळ है मॅडम. उधर का बुड्ढा.”

“कुठल्या कुळातला?”

“पूछा था. जवाब नहीं दिया. उल्टा मेरे को पूछा, वलद मनू इंता. किसका बेटा है तू.”

“मग?”

“बता दिया. अब्बा का नाम, दादा का, परदादा का. गुणवंत अंकल भी थे उस दिन, उन्होंने तो सात पीढ़ी सुना दी.” तो हसला. मग म्हणाला, “सच बोलूँ मॅडम, अच्छा लगा. इतने साल हुए इधर, सब पूछते हैं कौन सी कंपनी, कौन सा वीज़ा. किसका बेटा है, ये कोई नहीं पूछता.”

मलाही त्या वाक्याने गलबलून आलं. म्हणून सहजच विचारलं, “काय नाव होतं तुझ्या अब्बांचं?”

अजीजने तोंड उघडलं. त्याचे ओठ कुठल्यातरी अक्षरासाठी जुळले आणि तसेच राहिले. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“अभी तो था,” तो म्हणाला.

३

त्या आठवड्यात मी बाबांकडे नीट पाहिलं. त्याआधी पाहत नव्हते असं नाही, पण घरातल्या माणसाकडे आपण पाहतो ते ओझरतंच.

ते घरात अनवाणी फिरत होते. आई गेल्यापासून तिच्या शिस्तीची आठवण म्हणून कटाक्षाने सपाता घालणारे बाबा. दुपारी सोफ्याऐवजी ते फरशीवर बसायचे, फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या सापटीकडे तोंड करून. तिथे काहीही नाही. एक दिवस मी फोनवर होकायंत्र उघडून त्या सापटीसमोर धरलं. आग्नेय. मदामचा रस्ता त्याच बाजूला आहे. मग स्वतःच्याच मूर्खपणाचा राग आला. करामातल्या निम्म्या फ्लॅटांचे फ्रीज त्याच भिंतीला असतील.

पण तो आवाज माझ्या कल्पनेतला नव्हता. टाळूला जीभ लावून, ओठ मिटून काढलेला खोल, दबका आवाज. पाण्यावर उंटांना बोलावताना काढतात तसा. बाबा तो काढायचे आणि कान देऊन थांबायचे. जणू उत्तर यायला वेळ लागणार हे त्यांना ठाऊक होतं.

“बाबा, काय करताय?”

“कुठे काय?” ते माझ्याकडे वळून म्हणायचे. एरवी बोलणं चोख, जेवण चोख, शब्दकोडंसुद्धा पेनाने सोडवायचे.

मग फार्मसीत गोळ्या घेताना काउंटरवरच्या मल्याळी मुलीने पूर्ण नाव विचारलं. “गुणवंत,” बाबा म्हणाले आणि थांबले. त्यांच्यामागे रांग होती. “गुणवंत... सुर्वे.”

मधलं नाव त्यांनी गाळलं नव्हतं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“आजोबांचं नाव काय, बाबा?” बाहेर आल्यावर मी विचारलं.

“हा काय प्रश्न झाला?” ते चिडून म्हणाले आणि रस्ता ओलांडायला लागले.

मी डॉक्टरकडे नेलं. रक्त, मेंदूचा स्कॅन, सगळं झालं. डॉक्टरांनी वयाच्या मानाने तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. सत्तरीत नावं विसरतात, मी स्वतःला समजावलं. स्वतःच्या बापाचं?

४

मशीनने मला जास्त वेळ समजूत घालू दिली नाही.

पुढच्या फेरीत बाबांचा नमुना जागेवर नव्हता. एका वेगळ्या, लांबच्या फांदीवर बसायचा तो माणूस तिथून निसटला होता. त्यांचे ठिपके कमी झाले होते. जे उरले होते ते आमच्या वाळवंटातल्या झाडाशी जुळत होते.

माझ्या हातून काहीतरी मिसळलं असेल. नळी बदलली असेल. मी फ्रीझरमधून गेल्या वर्षीची बंद नळी काढली. बाबा तळावर जाण्याच्या कितीतरी आधीची, माझ्याच हाताने सील केलेली. तोच निकाल. पुढच्या दिवशी पुन्हा चालवली, तर आणखी थोडी सरकलेली. जिवंत माणूस बदलतो हे मी समजू शकते. पण वर्षभर बर्फात पडलेल्या थुंकीला कोणी काय सांगितलं असेल?

मी मैथाकडे गेले. मैथा इथलीच, अल धैदची. आमचं बोलणं इंग्रजीत, आणि चिडली की तिच्या हिंदीत. मी तिला कोणाचा नमुना ते न सांगता नळी दिली. तिने तिच्या खोलीत, तिच्या मशीनवर तो चालवला आणि निकाल पाहून दार लावून घेतलं.

“हा तुझ्या वडिलांचा आहे,” ती म्हणाली. “कारण सैफच्या नमुन्याचंही असंच झालंय.”

सैफ तिचा धाकटा भाऊ. वसंतात उंट विकत घ्यायला म्हणून त्या तळावर गेला आणि तिथेच राहिला. तिने फोन काढून त्याचे आवाजी निरोप लावले. पहिल्यात तो हसत होता, इथे एक म्हातारा आहे, त्याने मला कोणाचा मुलगा विचारलं, मी सांगितलं, सैफ बिन राशिद बिन हमद बिन सुहैल, आणि पुढे बरीच नावं. दुसऱ्यात नावं कमी. तिसऱ्यात फक्त “बिन” आणि पुढे शांतता. शेवटच्या निरोपात कोणी बोलतच नव्हतं. श्वास ऐकू येत होता. मला वाटलं एका माणसाचा. मैथाने आवाज वाढवला, तेव्हा कळलं की माणसं पुष्कळ आहेत. सगळी एकाच वेळी श्वास घेत होती आणि एकाच वेळी सोडत होती.

“वडील त्याला आणायला गेले,” मैथा म्हणाली. “परत आले, पण मग तेही दर शुक्रवारी जायला लागले. आता आईने गाडीची किल्ली लपवून ठेवलीय. घरातल्या एकाही पुरुषाला मी तिकडे जाऊ देत नाही.”

“तू गेली होतीस?”

“गेले. गाडीतून उतरायचं धाडस झालं नाही.”

“मैथा, तुझा या सगळ्यावर विश्वास आहे?”

“मला विश्वास नकोय, शुभ्रा. मला माझा भाऊ हवाय.”

५

बाबा गेले ते सकाळी दहाच्या सुमाराला, भर उजेडात, सगळं आवरून. मी लॅबमधून फोन करत राहिले, तो कोणी उचलला नाही. घरी आले तर दूध तापवून झाकलेलं, गॅस बंद, कालचे कपडे घडी करून ठेवलेले. टेबलावर त्यांचा फोन, चष्मा आणि घड्याळ होतं. दाराशी सपाता.

“अंकल अजीजभाई के साथ गए,” खाली वॉचमन म्हणाला. “मैंने बोला अंकल चप्पल. सुना नहीं.”

फुटपाथ तव्यासारखा तापला होता. त्यावरून माझे बाबा अनवाणी चालत गाडीपर्यंत गेले होते.

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. पण मला राग आला. असा राग मला फार वर्षांत आला नव्हता. एका म्हाताऱ्याने माझ्या म्हाताऱ्या बापाला त्याच्या बापाचं नाव विचारून फसवलं होतं. परक्या देशात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कोणीतरी आपुलकीने विचारलं, तू कोणाचा? त्याने भरभरून सांगितलं, आणि त्याने सांगितलेलं सगळं ठेवून घेतलं गेलं.

मी मैथाला फोन केला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “यल्ला, चल. मी लॅबखाली थांबते.”

६

मदामच्या पुढे मोठा रस्ता सोडला की वाळू लाल होत जाते. दूर हजर नावाच्या डोंगरांची काळपट रेघ दिसायला लागते. तळ रस्त्यापासून फार आत नव्हता. पत्र्याचं कुंपण, पाण्याची टाकी, बाजूला उभा एक टँकर आणि अजीजची गाडी. भर दुपार होती. इंजिन बंद केल्यावर जी शांतता पसरली तिच्यात श्वास होता. फोनमध्ये ऐकलेला तोच, पण आता तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवत होता.

उंट कुंपणाच्या अगदी पलीकडच्या टोकाला एकमेकांना चिकटून उभे होते, सगळ्यांची तोंडं बाहेर. माणसं कशाभोवती बसली होती, ते एकाही जनावराला बघायचं नव्हतं.

माणसं वाळूवर गोल करून बसली होती. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातली, लुंगीतली, कामगारांच्या डांगरीतली. एकजण ऑफिसच्या शर्टात, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. डोक्यावर कसलंही छप्पर नाही आणि कोणाच्याही अंगावर घामाचा टिपूस नाही. मधे एक पाठ होती. पोत्याच्या रंगाचं कापड, त्यातून वर आलेली मान.

“त्याच्या समोर जायला नको,” मैथा कुजबुजली. “मागूनच जाऊ.”

आम्ही गोलाच्या कडेने चालू लागलो. अर्धा फेरा झाला. पाठ आमच्याकडेच होती. तो वळला नव्हता, मी नजर हटवली नव्हती. उन्हाने डोळे दिपले असतील, असं म्हणून मी आणखी चालले. कुठूनही पाहिलं तरी पाठच. गोलातल्या प्रत्येक माणसाची नजर मात्र अशी होती, जणू त्याला समोर चेहरा दिसतोय.

आणि आमच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मैथाचा पाय एका माणसाच्या गुडघ्याला लागला, त्याची पापणी हलली नाही. मी एकाच्या डोळ्यांसमोर हात फिरवला. आम्ही तिथे नव्हतोच. त्या झाडात आमच्यासाठी कधी फांदी नव्हती, त्यामुळे आम्हाला पकडायची मूठही नव्हती. इतकी वर्षं मी अशी झाडं काढली होती, ज्यांत एकही आई नाही, बहीण नाही, लेक नाही. आज पहिल्यांदा ते मला उपयोगी पडत होतं.

बाबा अजीजच्या शेजारी बसले होते. ओठ हलत होते. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले. वाळू अंगाला चटके देत होती.

“बाबा, चला.”

“गुणवंत,” ते पुटपुटले. “गुणवंत... गुण...”

मी घाबरून म्हटलं, “जनार्दन. तुमच्या वडिलांचं नाव जनार्दन. गुणवंत जनार्दन!”

ते चुकलंच. ते नाव माझ्या तोंडून निघालं आणि सगळ्या गोलाने एक लांब, तृप्त श्वास आत घेतला. मधली पाठ, कशी ते सांगता येणार नाही, पण आमच्या जवळ आली. बाबांचे ओठ थांबले. आता त्यांच्याकडे उच्चारायला काहीच उरलं नव्हतं.

मी जन्मले तेव्हा देवरुखहून आत्याने फोनवर हळहळ व्यक्त केली होती, की गुणवंता, वंशाचा दिवा काही लागला नाही. बाबांनी तिला ऐकवलं होतं, माझ्याकडे ट्यूबलाइट आलीय, दिव्याचं काय करू? ही गोष्ट आई मला कितीदा सांगायची. त्या उन्हात मला ती आठवली आणि हसू आलं. खरंच आलं. या इथे सगळ्यांना वर, मागे, बापाकडे बघायला लावलं जात होतं. खाली कोणी पाहिलंच नव्हतं.

मी बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे वळवला.

“तुम्ही कोणाचा मुलगा ते राहू दे, बाबा. तुम्ही कोणाचे बाप आहात ते सांगा. मी शुभ्रा. शुभ्रा गुणवंत सुर्वे. माझ्या नावात तुम्ही आहात. तिथून तुम्हाला कोणी काढू शकत नाही. बघा माझ्याकडे. मी कोण?”

मग त्यांच्या केसांच्या मुळाशी काहीतरी चमकलं. घामाचा एक थेंब कपाळावरून ओघळला, मागून दुसरा, आणि बघता बघता माझे बाबा घामाने निथळू लागले. त्यांनी डोळे मिचकावले.

“किती ऊन आहे गं,” ते म्हणाले. “तू टोपी का नाही घातलीस?”

मी त्यांना उठवलं. मैथा पलीकडे सैफसमोर उभी होती. तिच्या लोकांत जुन्या काळी पुरुष हिमतीच्या वेळी बहिणीचं नाव घेऊन ओरडायचे, मी अमकीचा भाऊ. तिने कंबरेवर हात ठेवले आणि त्या शांततेत पूर्ण ताकदीने हाक दिली, “या अखू मैथा!” मैथाच्या भावा!

सैफचा हात वाळूतून उचलला गेला.

तेवढ्यात श्वास थांबला. सगळ्यांचा एकदम. आणि ती पाठ वळली.

मी पाहिलं ते एवढंच. त्याला तोंड होतं. डोळे होते, नाक होतं, सगळं जागच्या जागी. पण ते तोंड अजून कोणासारखंच झालेलं नव्हतं. आपण कोणाही माणसाकडे पाहिलं की त्याच्यात कोणीतरी दिसतं, त्याची आई, त्याचा गाव, कोणी विसरलेला मास्तर. त्याच्यात कोणीच नव्हतं. आणि ते तोंड माझ्याकडे बघत होतं.

मी बाबांना घेऊन धावले. पळून जायला नव्हे. त्यांचे पाय भाजत होते.

७

सैफ त्या दिवशी उठला नाही. मैथा पुन्हा त्याच्याकडे वळली तेव्हा त्याचा हात परत खाली गेला होता, आणि बाबांना गाडीत एकटं सोडणं शक्य नव्हतं. परतताना ती म्हणाली, “त्याने तुला पाहिलं.”

“पाहू दे,” मी म्हटलं. “इतकी वर्षं पाहिलं नाही, ही त्याची चूक.”



पुढच्या शुक्रवारी मैथा तिच्या आईला घेऊन गेली. आईने सैफला त्याच्या लाडक्या नावाने हाक मारली, तान्हेपणीच्या, जे ती सोडून कोणाला माहीत नव्हतं. तो रडत, घामाने भिजलेला गाडीत येऊन बसला. मग आम्ही थांबलोच नाही. ओळखपत्रवाल्या माणसाची बायको अजमानला सापडली. एक सुदानी म्हातारी आपल्या मुलासाठी आली. ती सर्वांत पुढे चालत होती, आणि आम्ही तिच्या मागे.

प्रकल्पप्रमुखांनी बुडाशी बसलेल्या नमुन्याबद्दल विचारलं, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की तो मी झाडात घालणार नाही. का, ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो कोणाचा बाप नाहीये. त्यांना वाटलं मी शास्त्रीय काहीतरी बोलतेय.

अजीज अजून तिथेच आहे. त्याची आई गेली, लग्न झालेलं नाही. एक मावशी निजामाबादकडे असल्याचं त्याच्या रूममेटने सांगितलंय. मी रोज फोन लावतेय. मी स्वतः हाक मारून पाहिली, “मॅडम आली आहे, अजीज,” पण मॅडम पुरत नाही.

बाबा बरे आहेत. एकदा नाश्ता करताना घास तसाच हातात ठेवून ते म्हणाले, “अगं, तिथे एक मराठी पोरगा आहे. पहिल्या वेळी गेलो तेव्हा पाण्याचा टँकर घेऊन आला होता. उल्हास नाव. आम्ही खूप बोललो. नांदेडकडचा, सोनापूरच्या कॅम्पवर राहतो. मी उठलो तेव्हा तो तिथेच बसला होता.”

सोनापूरला त्या कॅम्पवर त्याच्या खोलीतल्या मुलांनी मला त्याच्या बायकोचा नंबर दिला. तिला वाटत होतं नवऱ्याचा फोन हरवलाय. मी जेवढं जमेल तेवढं खरं सांगितलं. उर्मिला ऐकत राहिली आणि म्हणाली, “ताई, मला तिथं घेऊन चला. फोनातच घेऊन चला.”

म्हणून परवा मी त्या गोलात उभी होते, हातात फोन समोर धरून, व्हिडिओ कॉलवर नांदेडजवळच्या एका गावातली बाई. तिच्या मागे हिरवा पडदा हलत होता. गोल आता विरळ झाला होता. तो मधला आता पाठ करून बसत नाही. बायका आल्या की तो तोंड वर करतो. आणि परवा, पहिल्यांदाच, तो आमच्याशी बोलला. आवाज घोगरा नव्हता, भयानक नव्हता. उलट फार मायेचा होता. तो माझ्या हातातल्या फोनकडे बघत म्हणाला, “बिंत मनू इंती?”

तो शिकला होता. आता त्याला आम्हीही दिसत होतो, आणि तोच प्रश्न त्याने आमच्यासाठी तयार केला होता. मैथाने माझा दंड घट्ट धरला.

“ताई,” फोनमधून उर्मिला म्हणाली, “काय म्हणायलंय ते म्हातारं?”

सांगू की नको, असं झालं. पण मी सांगितलं. “विचारतोय, तू कोणाची मुलगी.”

उर्मिलाने फोन तोंडाजवळ आणला. स्क्रीनभर तिचे डोळे झाले.

“त्याला म्हणावं, तुला काय करायचंय?” ती म्हणाली. “मोठा आला विचारणारा. सरक म्हणावं बाजूला. मला माझा माणूस दिसू दे.”

मी तिचं वाक्य अरबीत केलं नाही. गरज नव्हती. त्याच्या त्या कोऱ्या तोंडावर मी पहिल्यांदा काहीतरी उमटताना पाहिलं. काय, ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायला मी थांबलेही नाही. मी फोन उल्हासच्या डोळ्यांपुढे नेला.

“अवो, दियाचे पप्पा,” उर्मिलाने हाक मारली. “कामून बसलाव तिथं उन्हात? उठा बरं. उठा.”

उल्हासने एक हात वाळूवर टेकला. मग दुसरा टेकला.